मास्तरांचं धनुष्य, नंबर 320

श्रीगोंदा तालुक्यात कुठलीही वस्तू नुसत्या डोळ्यांनी बघायची पद्धत नाही. बघायचं म्हणजे हात फिरवायचा. बाजार समितीत लिंबाच्या ढिगापुढं उभा राहिलेला व्यापारी दोन फळं उचलतो, अंगठा फिरवतो आणि साल पातळ, गुळगुळीत लागली तरच बोलीला तोंड उघडतो. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलाच्या वशिंडावरून निघालेला हात थेट शेपटीपर्यंत जातो, आणि मग भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, म्हणजे तिथंही तोंडाला काम नाहीच. पोरगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा बसण्याआधी दिवाणाच्या कडेवरून हात फिरवून "सागवानी ना?" असं विचारून घेतात. पोरीचं शिक्षण नंतर.

अशा मुलखात आमच्या गल्लीतल्या मास्तरांनी लाकडी धनुष्य करायला घेतलं.

मास्तर गणिताचे. निवृत्त झाल्यावर माणसं शेती बघतात, हरिनाम सप्ताहात पुढं बसतात किंवा सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. मास्तरांच्या डोक्यात मात्र ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिन शिरलं. साताऱ्याची आदिती स्वामी 17 वर्षांची असताना तिथं तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि पाठोपाठ नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेऊन पुरुषांचं विजेतेपद मारलं. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली शिकलेली. 150 पैकी 150 हा आकडा गणिताच्या मास्तरांना फार लागला. उभ्या नोकरीत त्यांनी कुणालाही पैकीच्या पैकी दिले नव्हते; शुद्धलेखनाचा एखादा गुण तरी ते गणितातसुद्धा कापत.

"नातवाला धनुष्य करून देतो," त्यांनी जाहीर केलं.

ती पोरं वापरतात ते कंपाउंड धनुष्य असतं, त्याला टोकांना चाकं असतात, केबल असते, ते कारखान्यात तयार होतं, असं मी नम्रपणे सांगून पाहिलं. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "रामाच्या धनुष्याला चाकं होती का?" मी गप्प बसलो. ह्या प्रश्नाला श्रीगोंद्यात कुणाकडंच उत्तर नाही. शिवाय आपल्याकडं बांबूच्या धनुष्याचा 'इंडियन राउंड' नावाचा वेगळा प्रकार आहे आणि कितीतरी पोरं त्यावरच पहिला बाण सोडतात, ही माहिती त्यांनी काढून ठेवलेली होती. मास्तरांशी वाद घालताना एवढं लक्षात ठेवावं लागतं, की ते आधी उत्तर काढतात आणि मग तुमच्याकडून प्रश्न वदवून घेतात.

लाकडाचा प्रश्न आला. आमच्याकडं बाभळीला तोटा नाही आणि सुतारमामांच्या मते जगातल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर बाभूळ हेच आहे. गाडीचं चाक, नांगर, औताचा दांडा, सगळं तिचंच. पण मास्तरांना धामण हवी होती. धामण सह्याद्रीच्या अंगाला होते. चिवट, लवचिक, कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि कावडीला नावाजलेली, आणि धनुष्यं तर तिची जुन्या काळापासून करतात. अकोले तालुक्यात नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं वाळलेला दांडा एसटीनं धाडला. हा विद्यार्थी गणितात दोनदा नापास झालेला. मास्तर म्हणाले, "पोरगं कृतज्ञ आहे." मला वाटतं, त्या पोरानं दांडा पाठवताना मास्तरांच्या हातातली जुनी छडी आठवून जाडी निवडली असावी.

सुतारमामांनी दांडा पाहिला, त्यावरून हात फिरवला आणि रंधा उचलला. मास्तर ओरडले, "पाठीला रंधा नाही!"

इथं थोडं शास्त्र सांगणं भाग आहे, कारण पुढचे कित्येक आठवडे आमच्या गल्लीत दुसरं काही बोललंच गेलं नाही. धनुष्य हातात धरलं की जी बाजू लक्ष्याकडं असते ती पाठ आणि आपल्याकडं असते ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकूड पोटाकडं तसं समजूतदार असतं, दाबून घेतं. पाठ मात्र मानी. तिच्यातले लांबच्या लांब तंतू अखंड असतील तोवर ती ताण सोसते. रंध्यानं ते मध्येच छाटले, की छाटलेल्या जागी आधी बारीक कुसळ उठतं, आणि मग एके दिवशी नातू दोरी कानापर्यंत ओढतो तेव्हा धनुष्याचे दोन तुकडे होतात. म्हणून पाठीवरची साल काढायची, खालचा एकच वलयाचा थर टोकापासून टोकापर्यंत सांभाळायचा आणि तोच गुळगुळीत करायचा. कापायचं सगळं पोटाकडून.

"म्हणजे पाठ गुळगुळीत करायची, पण कापायची नाही?" सुतारमामांनी विचारलं.

"बरोब्बर."

"मास्तर, हे म्हणजे दाढी करा पण केसाला धक्का लावू नका असं झालं." आणि रंधा पेटीत टाकून ते चहा प्यायला गेले.

मास्तर तिथून हार्डवेअरच्या दुकानात आले. पॉलिशपेपर द्या म्हणाले; 80, 120, 180, 220 आणि 320, प्रत्येकी चार. दुकानदारानं आदरानं विचारलं, "बंगला काढलाय का?" धनुष्य म्हटल्यावर त्यानं एक 80 आणि एक 320 पुढं ठेवला. "मधल्या नंबरांचं काय काम? आधी जाड मारा, मग बारीक मारा, सपलं." हा आमच्या तालुक्याचा एकूणच स्वभाव आहे. मधल्या नंबरांवर इथं कुणाचा विश्वास नाही. आणि मास्तरांची तर उभी नोकरी मधल्या पायऱ्या दाखवा, मधल्या पायऱ्यांना गुण आहेत, असं सांगण्यात गेलेली. ते काउंटरवरच सुरू झाले. 80 नंबरचा कागद लाकडाचा खडबडीतपणा काढतो म्हणजे काय करतो, तर मोठे ओरखडे काढून मध्यम ओरखडे पाडतो. 120 चं काम ते ओरखडे काढून आणखी बारीक पाडणं. 180 चं काम 120 ची घाण निस्तरणं. असं करत करत ओरखडा इतका बारीक होतो की डोळ्याला आणि हाताला कळेनासा होतो, त्याला आपण गुळगुळीत म्हणतो. मधला नंबर गाळला तर 80 चे ओरखडे खाली दबा धरून बसतात आणि तेल लागल्याबरोबर सगळे वर येतात. मागं लिंबाच्या गोण्यांसाठी सुतळी घ्यायला आलेली माणसं ताटकळली होती. त्यातल्या एकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या भाऊबंदकीतबी असंच झालंय." दुकानदारानं मुकाट्यानं पाचही नंबर बांधून दिले.

घासकाम ओट्यावर सुरू झालं. ओट्यावर काम करण्यात एक धोका असतो, जाणारा-येणारा प्रत्येक माणूस त्या कामाचा भागीदार होतो. पहिला येई, हात फिरवी, "अजून खरखर लागतीय" म्हणे आणि जाई. दुसरा येई, त्याच जागी हात फिरवी, "एक नंबर!" म्हणे. तिसरा न विचारता कागद हातात घेऊन आडवा-तिडवा, गोल-गोल घासायला लागे, आणि मास्तर कासावीस होत. कारण कागद लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच चालला पाहिजे. आडवा ओरखडा नुसता वाईट दिसत नाही, वाकणाऱ्या लाकडात तो भेगेला जागा दाखवतो. शेवटी मास्तरांनी ओट्यावर खडूनं लिहिलं: 'फक्त उभे घासावे.' त्यावर एका भल्या माणसानं उभं राहून घासलं.

ओरखडे बघायचे तर उजेड समोरून नाही, बाजूनं हवा. बॅटरी लाकडाला जवळजवळ टेकवून आडवी धरली, की दिवसा न दिसणारी एकेक रेघ सावली टाकून उभी राहते. म्हणून मास्तर रात्री दिवा मालवून, ओट्यावर ओणवे होऊन, बॅटरीच्या झोतात त्या लांबलचक दांड्याकडं श्वास रोखून बघत बसले. समोरच्यांनी हे खिडकीतून पाहिलं. पाच मिनिटांत अर्धी गल्ली काठ्या घेऊन हजर. "कुठल्या बाजूला गेला?" "नाग का घोणस?" मास्तर म्हणाले, "एकशेवीसचा आहे, ऐंशीचा नाही." ह्या जातीचा साप कुणी ऐकला नव्हता, त्यामुळं काही मंडळी पहाटेपर्यंत जागी राहिली.

मास्तरीणबाईंचा संयम सुटला तो पाण्यापाशी. लाकूड 220 पर्यंत छान गुळगुळीत झाल्यावर मास्तरांनी त्यावर ओलं फडकं फिरवलं आणि वाळल्यावर ते पुन्हा खरखरीत झालं. त्यामागं कारण आहे. घासताना काही तंतू कापले न जाता नुसते आडवे दाबले जातात. ओल लागली की ते फुगून उभे राहतात. हे आज ना उद्या होणारच, दवानं होईल नाहीतर हाताच्या घामानं. म्हणून आपणच त्यांना मुद्दाम उठवायचं, वाळवायचं आणि बारीक कागदानं त्यांची डोकी उडवायची. मास्तरांनी हे समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, "झालेलं काम उकरायचं आणि पुन्हा करायचं. आपल्या घरात नगरपालिका कधी आली?"

त्यांच्या रागाला आणखी एक कारण होतं. अंगणातला पारिजातक. त्याची पानं हाताला चांगलीच खरखरीत लागतात आणि पॉलिशपेपर आला नव्हता त्या काळी अशा पानांनी लाकूड आणि हस्तिदंत घासत. कोकणात खरवताच्या पानांचाही असाच उपयोग होई. हे मास्तरांच्या वाचनात आलं आणि 320 च्या पुढचं काम झाडावर सुरू झालं. चालतं मात्र खरंच. वाळलेलं पान बोटाला गुंडाळून फिरवलं, की लाकडावर कागदानं न येणारी मऊ झाक येते. फक्त पान चटकन चुरतं, म्हणून पानं पुष्कळ लागतात. बाई सकाळी पूजेला फुलं वेचायला गेल्या तेव्हा झाडाला फुलं होती आणि जवळजवळ दुसरं काहीच नव्हतं.

ह्या सगळ्यात खरा जाणकार भेटला तो काष्टीच्या बाजारात. मास्तर मला घेऊन मुद्दाम शनिवारी तिथं गेले, धनुष्य धोतरात गुंडाळून. बाजारात एका कडेला शिंगं साळणारे बसतात. विकायच्या बैलाचं शिंग खडबडीत, पापुद्रे सुटलेलं असेल तर भाव पडतो. हा कारागीर दोरखंडानं बैलाची मान खांबाला बांधून ठेवतो, धारेच्या पात्यानं शिंगाच्या पातळ साली उतरवतो, मग काचेच्या तुकड्यानं खरवडतो, मग पॉलिशपेपर आणि शेवटी तेल. शिंग असं चकाकतं की बैलाचं वय दोन वर्षांनी कमी होतं. निदान गिऱ्हाइकाच्या नजरेत.

त्यानं धनुष्य घेतलं. पहिल्यांदा डोळे मिटले, मग पोटाकडून अंगठा आणि पाठीकडून चार बोटं अशी पकड घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडं नेली. मी श्रीगोंद्यात आजवर इतके हात फिरताना पाहिले, पण गुळगुळीतपणा सोडून जाडी तपासणारा हात तो पहिलाच.

"काचेनं खरवडलंय?"

"हो," मास्तर म्हणाले. "मधे लाटा पडल्या होत्या."

"काच एकाच कोनात धरली की पडत्यात. दर खेपेला थोडी तिरपी करायची." मग त्यानं मुठीत धरून धनुष्य थोडं वाकवलं. "लय घासलं ओ. एक बाजू जास्तच."

"गुळगुळीत व्हायला नको का?"

"व्हायला पायजे की. पण आमचं बरंय. जास्त झालं की बैल मान झटकतो, मग आम्ही थांबतो. तुमचं लाकूड मान झटकत नाही."

मास्तर घरी येईपर्यंत बोलले नाहीत. आल्यावर धनुष्याला दोरी चढवली, लिंबाची गोणी तोलायचा ताणकाटा शेजारून आणला, त्याचा आकडा दोरीला अडकवून नातवाच्या हाताइतकी ओढली. सुरुवातीला, नुसतं तासून झाल्यावर, याच ओढीला काटा 18 किलो दाखवत होता. आता 13 च्या आसपास. मास्तर पाटी घेऊन बसले. दांड्याची मूळ जाडी 15 मिलिमीटर. काच, कागद, ओलं फडकं, पुन्हा कागद, ह्या सगळ्यात गेली दीड. म्हणजे दहा टक्के. पण वाकवायला लागणारा जोर जाडीच्या प्रमाणात घटत नाही, जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. 0.9 गुणिले 0.9 गुणिले 0.9, उत्तर 0.729. दहा टक्के जाडी गेली आणि सत्तावीस टक्के जोर गेला. घन हा धडा मास्तरांनी ज्यांना ज्यांना शिकवला होता त्यांतले दोघं तेव्हा ओट्यावरच उभे होते. त्यातला एक दुसऱ्याच्या कानात पुटपुटला, "हे परीक्षेला आलं होतं का रे?" "आलं होतं," दुसरा म्हणाला, "ऑप्शनला टाकलं होतं."

एक बाजू जास्त घासली गेली, त्याचं कारण तर फारच साधं होतं. मास्तर उजवे. ओट्यावर त्यांची बसायची जागा ठरलेली, धनुष्य ठेवायची दिशा ठरलेली, त्यामुळं उजव्या हाताखालचा अर्धा भाग रोज दुप्पट लाड करून घेत होता. उपाय निघाला. जास्त जाड राहिलेली बाजू पोटाकडून थोडी उतरवून दोन्ही हात सारखे वाकते केले, आणि दोन्ही टोकं थोडी थोडी कापली. धनुष्य आखूड झालं की तेवढ्याच ओढीला जास्त जोर मागतं. काट्यावर काही किलो परत आले. मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि त्यांनी नव्यानं कापलेली टोकं घासायला 80 नंबरचा कागद काढला.

तेलाचा अध्याय गळीत हंगामात आला, हे आमचं दुर्दैव. सुतारमामांचा आग्रह लाखेच्या पॉलिशचा होता: लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाच्या बोळ्यानं थरावर थर, आरसा करून देतो. पण धनुष्य काही कपाट नव्हे, ते रोज वाकणार; लाखेचा जाड थर वाकताना तडकतो. म्हणून जवसाचं तेल. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि घट्ट होताना तापतं. तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. मास्तरांनी ती एकेक करून दोरीवर पसरून वाळत घातली. लांबून पिवळट, डागाळलेली, लहान-लहान चौकोनी फडकी बघून मास्तरांच्या सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि आता बाळ झालं, अशी बातमी पसरली. दोघीजणी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. मास्तरांनी ते ठेवून घेतले.

पण तेल वाळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग सुरू झाली. धुळीचा एक थर चिकट तेलावर अलगद येऊन बसला. संध्याकाळी मास्तरांनी हात फिरवला. धनुष्य पुन्हा 80 नंबरला आलेलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी तेलाचा पातळ हात देऊन, जास्तीचं तेल पुसून काढून, धनुष्य देवघरात उभं केलं. घरातली तेवढी एकच जागा बंद दाराची आणि बिनधुळीची. मास्तरीणबाईंनी हरकत घेतली नाही. मूर्तीत राम होता, त्यामुळं बोलायला तोंड राहिलं नव्हतं. नातू सुट्टीला आला तेव्हा पाचटानं भरलेल्या पोत्यावर बाण मारून झाले. बाण बरे जातात. पोरगं खूश आहे. ओट्यावर बघायला जमलेल्या माणसांपैकी एकानंही बाण कुठवर गेला हे विचारलं नाही, सगळ्यांनी धनुष्यावरून हात फिरवला आणि "आता कसं, आरशागत!" म्हणून निघून गेले.

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण मास्तर नातवाला घेऊन पेडगावला गेले. भीमेच्या काठी तिथं बहादुरगड आहे, आता त्याला धर्मवीरगडही म्हणतात, बहादुरखान कोकलताशाची छावणी ह्याच जागी होती. 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या एका लहान तुकडीनं खानाच्या फौजेला हुलकावणी देत लांब पळवत नेलं आणि मागच्या मागं मोठ्या तुकडीनं छावणीतला खजिना रिकामा केला. वेड पांघरून पेडगावला जायचं ते तेव्हापासून, असं आमच्याकडं सांगतात. मास्तरांचं लक्ष मात्र खजिन्याकडं नव्हतं. मोगली फौजेत असत ती धनुष्यं एका लाकडाची नव्हेत: मधे लाकूड, पोटाला म्हशीच्या शिंगाची पट्टी, पाठीला जनावराच्या कंडरांचे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचे, तंतू, सगळं सरसानं चिकटवलेलं आणि वर रंग आणि रोगण. शिंग दाबाला भारी, कंडरा ताणाला भारी. हा सरस ओलीला घाबरतो, म्हणून रोगणाचं काम तिथं नुसतं शोभेचं नाही. आणि एकेक धनुष्य सुकायला महिनेच्या महिने जातात.

मास्तर परत आले ते ठरवूनच. शिंग काष्टीला मिळेल. साळणारा ओळखीचा झालाच आहे. रोगणाखालचं शिंग घासायला कागद 320 पासून पुढं 600 पर्यंत लागेल. सरस मात्र घरीच करावा लागेल, म्हणजे कातडी आणि तंतू पातेल्यात मंद आचेवर दिवसभर शिजवायचे.

"कुठल्या पातेल्यात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी फडताळाकडं बघितलं.

"सरस शिजवायचाय ना," बाई म्हणाल्या, "तर पातेलं घ्या आणि पेडगावला जाऊन शिजवा. पांघरायला वेगळं काही न्यायची गरज नाही."